गाडीचं दुखणंखुपणं : टर्बो गाडी मिसिंग मारते तेव्हा

मागच्या अंकात टर्बो गाडीच्या ऑइलबद्दल लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली ती मात्र भलत्याच तक्रारीची. गाडी झटके देते, मिसिंग मारते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाही, यालाच मिसफायर म्हणतात), पिकअप मार खातो, पिवळी लाईट लागते, सगळं त्याच चालीवर. म्हणून या वेळी सगळा कॉलम त्यावरच. एक सांगतो, बऱ्याच जणांनी गाडीचा रंग लिहिलाय, कितव्या वर्षी घेतली ते लिहिलंय, शोरूमवाल्याशी झालेलं भांडण तर शब्द न् शब्द लिहिलंय, पण मिसिंग नक्की कधी होतं ते लिहिलंच नाही! सकाळी थंड इंजिनावर, सिग्नलला उभी असताना, का घाटात रेस दाबल्यावर? निम्मं निदान तिथेच असतं हो. ज्यांनी ते लिहिलंय त्यांची पत्रं घेतलीत, गाड्यांची आणि कंपन्यांची नावं मुद्दाम काढून टाकलीत.

प्रश्न, कराडहून:
एक लिटरची तीन सिलिंडरवाली टर्बो पेट्रोल गाडी आहे, ४१ हजार किलोमीटर झालेत. गावात मस्त चालते. पुण्याहून परत येताना खंबाटकी चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेस दाबली की झटके देते, चेक इंजिनची लाईट लुकलुकते, वर पोचल्यावर लुकलुकणं थांबतं पण लाईट तशीच राहते. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला, पी०३०२ कोड आला. म्हणाले तिन्ही कॉइल, तिन्ही प्लग आणि दोन नंबरचा इंजेक्टर टाकावा लागेल. एस्टिमेट ऐकून गाडी तशीच घरी आणली. टाकू का सगळं?

उत्तर:
नका टाकू, निदान एवढ्यात तरी नको. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट झाला नाही, बस, एवढंच तो कोड सांगतो. का झाला नाही ते तो सांगत नाही. पी०३०१ असता तर एक नंबर, पी०३०३ असता तर तीन नंबर, आणि पी०३०० म्हणजे एकावर बोट ठेवता येत नाही, कधी हा तर कधी तो. कोड बघून पार्टची यादी काढणं ही आजकाल फार बोकाळलेली पद्धत आहे, लागला तर लागला तीर, बिल गिऱ्हाईकाचं.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे खंबाटकी. गावात चालते, घाटात मिसिंग, म्हणजे बूस्ट आल्यावर मिसिंग. टर्बो हवा कोंबतो, सिलिंडरमध्ये प्लगच्या टोकाशी हवा दाट होते, आणि हवा जितकी दाट तितकं ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. भरलेल्या एसटीत दारातून आत शिरायला जोर लावावा लागतो ना, तसंच. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, जेवढ्यात भागतं त्याच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त. आणि हे सगळं व्होल्टेज प्लगला कॉइलने पुरवायचं. प्लग झिजून गॅप वाढलेला असला, किंवा कॉइलच्या आत कुठे इन्सुलेशन कमजोर झालेलं असलं, तर ते गावात कळत नाही पण घाटात लगेच कळतं. शिवाय घाटात कॉइल तापते, आणि अर्धमेली कॉइल गरम झाल्यावरच रंग दाखवते.

म्हणून पहिला संशय प्लग आणि कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर नंतर. ओळखायचं कसं तर अदलाबदल करून. इंजिन थंड असताना दोन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावा, एकची दोनला, प्लगला हात लावू नका, कोड पुसा आणि त्याच घाटात त्याच गिअरमध्ये तशीच रेस द्या. आता पी०३०१ आला तर कॉइल गेलीय, एक कॉइल आणा, विषय संपला. परत पी०३०२ च आला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अदलाबदल करा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, दोन्ही एकदम हलवल्या तर काय बरं झालं ते कळत नाही. कॉइल आणि प्लग दोन्ही फिरवूनही दोन नंबरच राहिला तर मग इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) असं पुढे जायचं. सिलिंडरचा नंबर बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूने मोजतात, पण मॅन्युअलात बघून खात्री करा.

प्लग बाहेर आलेच आहेत तर गॅप बघून घ्या. टर्बो पेट्रोलमध्ये साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, साध्या बिनटर्बोच्या इंजिनात एक मिलिमीटरच्या आसपासही चालतो, आणि इथेच घोळ होतो, दुकानदार त्याच चुडीचा त्याच लांबीचा साध्या गाडीचा प्लग देतो, बसतो व्यवस्थित, आयडलला चालतो पण व्यवस्थित, आणि घाटात मिसिंग. इरिडियमचा प्लग असेल तर ते नाण्यासारखं गोल गेज आत घुसवून गॅप वाढवायला जाऊ नका, टोक इतकं बारीक असतं की चेपतं किंवा तुटतं. बसवताना टॉर्क पाना वापरा. चुडीला ग्रीस-बिस लावू नका, कोटिंगवाल्या प्लगला ते नकोच असतं, घसरड्या चुडीवर त्याच पान्याने जास्त आवळलं जातं आणि मग हेडमध्येच प्लग तुटल्याच्या कहाण्या होतात.

एक मेख आहे, ती बरेच मिस्त्री विसरतात. मिसिंग जोरात झालं की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या सिलिंडरचा इंजेक्टर स्वतःच बंद करतो, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊ नये. मग मिस्त्री इंजेक्टरला कान लावतो, टिकटिक नाही, म्हणतो इंजेक्टर गेला. गेलेला नसतो हो, बंद केलेला असतो! कोड पुसून, गाडी बंद-चालू करून मग ऐका. तुमची गाडी डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी) असेल तर इंजेक्टरची अदलाबदल घरी करू नका, त्याला टोकाला टेफ्लॉनचं सील असतं ते प्रत्येक वेळी नवीन लागतं आणि बसवायला खास टूल लागतं.

आणि ती लुकलुकणारी लाईट, ती सगळ्यात महत्त्वाची. नुसती पेटलेली असेल तर सवडीने दाखवा. लुकलुकत असेल तर ती सांगतेय की आत्ता या क्षणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा, जळतोय. न जळलेलं पेट्रोल आणि हवा तिथे जाऊन पेटतं, आतली सिरॅमिकची जाळी वितळते, आणि बीएस६ च्या टर्बो गाड्यांत तो टर्बोला अगदी चिकटून असतो त्यामुळे आधीच तापलेला. कॉइल काही हजारात येते, कन्व्हर्टरची किंमत मात्र विचारून बघा एकदा. लाईट लुकलुकली की रेस सोडायची, खालच्या गिअरला हळू चढायचं, मागचा ट्रक हॉर्न वाजवेल तर वाजवू दे.

प्रश्न, चिपळूणहून:
दर पावसाळ्यात हाच त्रास. रात्रभर पाऊस झाला की सकाळी गाडी थरथरते, अर्ध्या तासाने ठीक. या वर्षी ठीक होईना. कोड कधी एक नंबरचा, कधी चार नंबरचा. मिस्त्री म्हणतो कोकणातली हवाच अशी.

उत्तर:
कोकणातल्या हवेवर ढकललं की मिस्त्रीला बॉनेट उघडायला नको! बॉनेट उघडा आणि काचेखालची प्लास्टिकची जाळी बघा, वायपरच्या खाली. तिथे पानं अडकतात, आंब्याचा मोहोर, फणसाची पानं, काय वाट्टेल ते, पाणी बाहेर जायची भोकं बुजतात आणि पाणी थेंबथेंब इंजिनवर गळतं. बऱ्याच इंजिनांत प्लग खोल विहिरीसारख्या भोकात असतात, वर कॉइलचं रबर. पाणी तिथे साचतं. गाडी धुणाऱ्याने प्रेशरने इंजिन धुतलं तरी हाच प्रकार होतो.

पाण्यातून ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाजूने चिनीमातीवरून खाली उतरते. दोनचार दिवस असं झालं की चिनीमातीवर काळी बारीक रेघ जळून बसते आणि रबराच्या आतही तशीच उमटते. मग पाणी वाळलं तरी ठिणगीला तो आयता रस्ता मिळालेला असतो, म्हणून तुमचं या वर्षी अर्ध्या तासाने ठीक होईना. रेघ दिसली तर प्लग आणि रबर दोन्ही बदला, एकच बदललं तर जुनं नव्याला खाणार. काही गाड्यांत रबर सुटं मिळतं, पूर्ण कॉइल घ्यायची गरज नसते, विचारा.

प्लग काढायच्या आधी भोकात हवा मारून पाणी आणि वाळू बाहेर काढा, नाहीतर प्लग काढल्यावर ते सगळं सरळ पिस्टनवर. पाण्याऐवजी ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, आधी ते बदला मग कॉइल, उलटं केलंत तर नवी कॉइल पण ऑइलात भिजून जाईल.

आणि उंदीर. पावसात उंदीर गरम इंजिनवर येऊन बसतात आणि कॉइलच्या वायरीचं कव्हर कुरतडतात, वायर तुटत नाही, नुसती उघडी पडते, ओल आली की मिसिंग. एक आणि चार असं आलटून पालटून येतंय म्हटल्यावर मी तर वायरिंगचा गुच्छ बोटाने चाचपून बघितल्याशिवाय काहीच विकत घेणार नाही.

प्रश्न, नाशिकहून:
समृद्धीवरून जाताना गाडी लोण्यासारखी जाते. पण आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर, जो रस्ता म्हणायच्या लायकीचा नाही, तिथून गेले की दोनतीन दिवसांनी लाईट लागते आणि पी०३०० येतो. गाडी झटका वगैरे काही देत नाही. खड्ड्याने मिसफायर होतो का?

उत्तर:
ताई, मिसफायर होत नाही पण मिसफायरचा कोड येऊ शकतो! ईसीयूला सिलिंडरच्या आतलं दिसत नाही. तो क्रँकवरच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरच्या) दातेरी चाकाकडे बघत असतो, प्रत्येक स्फोटानंतर क्रँकला थोडा धक्का मिळून वेग वाढायला हवा, एखादा धक्का आला नाही की तो म्हणतो मिसफायर. आता चाक खड्ड्यात आपटलं की तो झटका अॅक्सल, गिअरबॉक्स करत करत उलटा क्रँकपर्यंत येतो आणि वेग असाच डगमगतो. कंपन्यांना हे माहीत असतं म्हणून चाकांवरच्या एबीएसच्या सेन्सरवरून रस्ता खराब आहे हे ओळखून तेवढा वेळ मिसफायर मोजणं थांबवतात. तुमच्या गाडीत एबीएसचा एखादा सेन्सर, त्याची वायर किंवा चाकाचं बेअरिंग खराब असेल तर हे ओळखणंच बंद पडतं. एबीएसचेही कोड वाचायला सांगा, नुसते इंजिनचे नकोत. मध्यंतरी क्लच किंवा फ्लायव्हीलचं काम झालं असेल तर तेही सांगा त्यांना, काही गाड्यांत त्यानंतर क्रँकचं लर्निंग (ईसीयूला ते दातेरी चाक नव्याने ओळखायला लावणं) परत करावं लागतं आणि ते हमखास राहून जातं.

प्रश्न, नागपूरहून:
सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरतं, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. पळवली की ठीक वाटते. कोड पी०३०० आणि सोबत पी०१७१. दोन वेळा प्लग बदलून झाले, इंजेक्टर क्लीनिंग झालं, थ्रॉटल बॉडी साफ झाली. फरक शून्य.

उत्तर:
पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. तोच खरा मुद्दा आहे आणि त्यालाच कोणी हात लावला नाही, सगळे मिसफायरच्या मागे धावले.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचे आकडे दिसतात, हजार-दीड हजाराचा ब्लूटूथवाला स्कॅनर मोबाइलला जोडला तरी दिसतात. ईसीयू स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. शून्याच्या आजूबाजूला, पाच-सात टक्के इकडेतिकडे असलं तर काळजी नाही. आता आयडलला बघा आणि मग न्यूट्रलमध्येच अडीच हजार आरपीएमला धरून बघा. आयडलला अधिक १८-२० टक्के आणि अडीच हजाराला खाली उतरून पाच, असं असेल तर कुठून तरी चोरून हवा आत जातेय, कारण आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात चोरटी हवा मोठी दिसते, वर गेल्यावर ती नगण्य होते. याच्या उलट, आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम चढत गेला तर पेट्रोल पुरत नाही, पंप किंवा फिल्टर बघा.

तुमची शिट्टी ऐकून मला वाटतं पीसीव्हीचा पडदा फाटलाय. इंजिनमधल्या वाफा परत आत ओढायचा जो वॉल्व्ह असतो त्यात रबराचा पातळ पडदा असतो, काही गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो, उष्णतेने चिरतो. गाडी आयडलला चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, हलकी ओढ असणं साहजिक आहे, पण झाकण चिकटून बसलं, निघताना जोर लागला आणि निघाल्या क्षणी शिट्टी थांबली तर सापडला चोर.

ते नसेल तर इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि व्हॅक्युमच्या बारीक नळ्या. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतचे जाड होज पाईपही हाताने पिळून बघा, क्लिप ढिली होते, पाईप खालून फाटतो, वरून दिसत नाही. ज्या गाडीत हवा मोजायचा एमएएफ सेन्सर फिल्टरपाशी असतो तिथे त्याच्या पुढे पाईप फाटला तर बूस्टला मोजलेली हवा रस्त्यातच निसटते, ईसीयू त्या हवेचं पण पेट्रोल टाकतो, गाडी काळा धूर काढून गुदमरते. नुसत्या मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत तसं नाही, तिथे फक्त पिकअप जातो आणि पी०२९९ सारखा बूस्ट कमी असल्याचा कोड येतो. स्मोक टेस्टचं मशीन नागपुरात मिळेल, पाईपात धूर सोडतात आणि जिथून बाहेर येतो तिथे लीक. दोन वेळच्या प्लगच्या पैशात झालं असतं हे काम, असो.

प्रश्न, न्यू जर्सीहून:
दोन लिटर, डायरेक्ट इंजेक्शन, टर्बो. ७० हजार माइल झालेत. थंडीत पहिल्यांदा स्टार्ट केली की मिनिटभर लंगडते, पी०३०० येतो, गरम झाली की जणू काही झालंच नाही. इथे मेकॅनिकने टाकीत घालायची क्लीनरची बाटली दिली, दोन टाक्या झाल्या. वडील पुण्याहून फोनवर म्हणतात कार्बन झाला असेल. बरोबर आहे का?

उत्तर:
वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांचा अंदाज पटण्यासारखा आहे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक वॉल्व्हच्या पाठीवरून जातच नाही. जुन्या पद्धतीत पेट्रोल वॉल्व्ह धुवून काढायचं, इथे धुणारं कोणी नाही, आणि पीसीव्हीतून येणारी ऑइलची वाफ तिथे बसून भाजते. थंड इंजिनात त्या खरखरीत थरावरून हवा वाकडीतिकडी जाते, मिश्रण बिघडतं, गरम झाल्यावर इंजिन तेवढं खपवून घेतं. आणि टाकीतल्या बाटलीचं म्हणाल तर जे पेट्रोल वॉल्व्हला शिवतच नाही त्यात औषध घालून वॉल्व्ह कसा साफ होणार? इंजेक्टरचं टोक साफ होईल फार तर.

उपाय म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेने मारायचा, तिकडे हे काम सर्रास होतं. पण त्याआधी मॅनिफोल्डमध्ये कॅमेरा घालून फोटो काढायला सांगा, कार्बन डोळ्यांनी बघा, मग पैसे द्या.

आणि त्याच्याही आधी एक फुकटची तपासणी. सकाळी थंड असताना कूलंटच्या बाटलीची पातळी बघा, खूण करा, दोन आठवडे. कमी होत असेल आणि लंगडणं नेहमी एकाच सिलिंडरचं असेल तर हेड गॅस्केटमधून रात्रभर थेंब थेंब कूलंट आत उतरतंय, सकाळी तो प्लग ओला. लक्षण अगदी हेच, खर्च मात्र वेगळा.

प्रश्न, पुण्याहून, बाणेर:
२०१९ ची टर्बो पेट्रोल. ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून मिसिंग सुरू झालं असं माझं ठाम मत आहे. सर्व्हिसवाले हसतात.

उत्तर:
हसायला नको त्यांनी, आणि तुम्ही ठाम व्हायला नको. साधं पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त टाकावं लागतं. पण तुमची गाडी काही शुद्ध पेट्रोलवरून एकदम ई२० वर आली नाही, आधीही दहा टक्के इथेनॉल होतंच, त्यामुळे फरक चार-पाच टक्क्यांचा, आणि एवढा ट्रिम ईसीयू सहज सांभाळतो. उलट इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, टर्बोला ते बरंच.

पण ज्या गाडीचा ट्रिम आधीच अधिक पंधराला पोचलाय, पंप थकलाय किंवा कुठे हवा चोरतेय, तिला हे चार-पाच टक्के शेवटचे ठरू शकतात. म्हणजे दुखणं जुनं, ई२० ने ते बाहेर काढलं. वरच्या नागपूरच्या उत्तरातलं ट्रिमचं तेवढं करून बघा. शिवाय गाडी दोनदोन महिने उभी राहत असेल तर टाकीच्या तळाला पाणी असू शकतं, इथेनॉल पाणी ओढतं. आणि जुन्या गाडीचे रबरी पाईप, सील ई२० साठी बनवलेत का ते कंपनीकडून लेखी विचारा, तोंडी नको.

प्रश्न, कोल्हापूरहून:
स्टेज वन रिमॅप केला, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवली. गाडी सुसाट! पण साडेतीन हजारला फुल्ल रेसमध्ये तड तड करते. ट्यूनर म्हणतो कॉइल बदल.

उत्तर:
भावा, बूस्ट वाढवलास म्हणजे ठिणगीचं कामही वाढवलंस, आणि प्लग तेच जुने ठेवलेस. कॉइलच्या आधी नवे प्लग, गॅप ०.६ ते ०.६५ च्या आसपास, एक पायरी थंड. थंड म्हणजे उष्णता लवकर हेडमध्ये सोडणारा. आकड्यात फसू नको, एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. आणि ट्यूनरकडून डेटा लॉग माग, बूस्ट, टायमिंग, नॉक, ट्रिम सगळं असलेला. लॉग द्यायला टाळाटाळ करतो तो ट्यूनर नाही, फाइल विकणारा आहे. वॉरंटीचं काय होणार ते तुला माहीत असेलच.

प्रश्न, लातूरहून:
डिझेल गाडीत प्लगच नसतो, मग मिसिंग कसलं? आमची कॉमन रेल टर्बो डिझेल सकाळी हलते, पांढरा धूर टाकते. मिस्त्री इंजेक्टरचे पाईप एकेक ढिले करून बघू म्हणतो.

उत्तर:
त्याला आधी थांबवा. ती पद्धत जुन्या पंपाच्या गाड्यांची, ट्रॅक्टरची. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, १६०० बार किंवा त्याहून जास्त प्रेशर असतं, नट ढिला केल्यावर निघालेली डिझेलची धार कातडीच्या आत घुसते, दिसायला टोचल्याएवढं, पण बोट गमावायची वेळ येते. असं कोणाला झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल.

डिझेलला स्फोट दाबाच्या उष्णतेने होतो, त्यामुळे फक्त सकाळी आणि पांढरा धूर म्हटलं की आधी ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) मल्टिमीटरने तपासा, स्वस्त काम आहे. ते ठीक निघाले तर स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचं इंजेक्शन करेक्शन बघा, एक बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर तो इंजेक्टर. मग लीक-ऑफ टेस्ट, चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून कोणाची बाटली लवकर भरते ते बघायचं, रिटर्नला रेलसारखं प्रेशर नसतं त्यामुळे तो धोका नाही. नवा इंजेक्टर टाकलात तर त्यावरचा कोड ईसीयूमध्ये टाकून घ्या, नाहीतर नव्याने पण गाडी हलेल आणि परत इंजेक्टरच वाईट ठरेल.

प्रश्न, ठाण्याहून:
तीन नंबरचा मिसफायर, सतत, थंड गरम कधीही. कॉइल बदलली, प्लग बदलले, इंजेक्टर बदलला, वायरिंग तपासलं, आता ईसीयू बदला म्हणतात. ऑइलही थोडं कमी होतं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रोजचं ऑफिस, गिअर बदलायचा कंटाळा म्हणून मी गाडी वरच्या गिअरलाच चालवतो.

उत्तर:
ईसीयू नको! इतकं सगळं बदललं आणि कॉम्प्रेशन कोणी मोजलं नाही? सगळे प्लग काढायचे, पेट्रोल बंद करायचं, रेस पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि तिन्ही-चारही सिलिंडरचे आकडे लिहायचे. आकडा किती त्यापेक्षा आपसात फरक किती ते महत्त्वाचं, एक जण बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असला तर गडबड. त्या भोकात चमचाभर ऑइल घालून परत मोजायचं, आकडा चढला तर रिंग-पिस्टनकडे संशय, तसाच राहिला तर वॉल्व्ह. मग लीकडाउन टेस्ट, त्या सिलिंडरमध्ये हवा भरून कान द्यायचा, ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, थ्रॉटलमधून आली तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे तर गॅस्केट.

तुमचं वरच्या गिअरचं वाक्य वाचून मला धास्ती वाटली म्हणून सांगतो. लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये पंधराशे-दोन हजार आरपीएमला वरच्या गिअरमध्ये रेस दाबली की एक प्रकार होतो, एलएसपीआय म्हणतात त्याला, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलच्या थेंबावरूनसुद्धा. पिस्टन वर येत असतानाच स्फोट, एखाद-दोन दणक्यांतही रिंगांच्या मधला पिस्टनचा काठ तुटू शकतो. मग कॉम्प्रेशन गेलं, ऑइल कमी व्हायला लागलं, आणि तो एक सिलिंडर कायमचा मिसिंग, कितीही कॉइली बदला. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हे वाढतं असं सापडल्यावर ऑइलचे फॉर्म्युले बदलले, २०१८ ला एपीआय या अमेरिकन संस्थेचा ऑइलचा दर्जा एसएन प्लस आला आणि २०२० ला एसपी, दोन्हींत याची टेस्ट आहे. तुमच्या डब्यावर नुसतं एसएन, म्हणजे ही टेस्ट नसलेलं जुनं, लिहिलंय का बघा.

लीकडाउनमध्ये झाकणातून हवा आली तर प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टन आणि सिलिंडरची भिंत बघायला सांगा, भिंतीवर उभे ओरखडे दिसले तर इंजिन खोलावंच लागणार, ईसीयूवाल्याचे पैसे तेवढे वाचले. वॉरंटी शिल्लक असेल तर खोलायच्या आधी कॉम्प्रेशनचे आकडे जॉब कार्डवर लिहून, सही-शिक्का घेऊनच गाडी सोडा, आणि ऑइल बदलल्याची सगळी बिलं शोधून ठेवा कारण पहिला प्रश्न तोच येणार.